गुन्हा रक्तात की रजिस्टरात?

१८२७ साली फ्रान्सच्या न्याय मंत्रालयाने एक जाडजूड अहवाल छापला. १८२५ या एका वर्षात देशभरातल्या फौजदारी न्यायालयांपुढे किती आरोपी आले, कोणत्या गुन्ह्यांसाठी आले, कोणत्या जिल्ह्यातून आले, किती सुटले आणि किती शिक्षेला गेले, याचे तक्त्यांमागून तक्ते त्यात होते. पुढे हा अहवाल दरवर्षी निघू लागला. मंत्रालयाचा हेतू साधा कारकुनी होता. न्यायखात्याचा कारभार कसा चालला आहे एवढेच वरिष्ठांना पाहायचे होते. पण सरकारी दप्तरातून बाहेर पडलेला आकडा कुणाच्या हाती लागेल आणि तो त्यातून काय वाचेल, याचा नेम नसतो.

तो पहिल्यांदा लागला आंद्रे-मिशेल गेरी या तूर गावच्या तरुण वकिलाच्या हाती. त्या काळच्या सुधारकांची एक लाडकी समजूत होती, की अज्ञान हे गुन्ह्याचे मूळ. शाळा काढा म्हणजे तुरुंग ओस पडतील. गेरीने ती नकाशावर तपासून पाहिली. लष्करात भरती होणाऱ्या पोरांपैकी किती जणांना लिहिता-वाचता येते हे त्याचे शिक्षणाचे माप होते. एका नकाशात त्याने साक्षरतेनुसार जिल्हे रंगवले, दुसऱ्यात चोऱ्यांनुसार, तिसऱ्यात मारामाऱ्या-खुनांनुसार. १८२९ मध्ये हे नकाशे आद्रियानो बाल्बी या भूगोलकाराच्या सोबतीने प्रसिद्ध झाले आणि १८३३ मध्ये गेरीचे स्वतःचे पुस्तक आले. निघाले भलतेच. जिथे लिहिता-वाचता येणारे जास्त, त्या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत मालमत्तेविरुद्धचे गुन्हे जास्त होते. सगळ्यात गरीब जिल्हे चोरीच्या यादीत वरच्या क्रमांकावर नव्हतेच.

दुसरा वाचक ब्रसेल्सचा अडोल्फ केतले. हा खगोलशास्त्रज्ञ. ब्रसेल्सची वेधशाळा त्याने उभी केली. एकाच ताऱ्याची अनेकांनी घेतलेली मापे थोडीथोडी चुकतात, पण त्या चुकांनाही एक शिस्त असते, हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होते. फ्रान्सच्या तक्त्यांत त्याला तीच शिस्त दिसली. न्यायालयापुढे आलेले आरोपी १८२६ मध्ये ६९८८, १८२७ मध्ये ६९२९, १८२८ मध्ये ७३९६, १८२९ मध्ये ७३७३. दरवर्षी माणसे वेगळी, भांडणे वेगळी, गावे वेगळी. तरी शंभरातले सुमारे एकसष्ट दोषी ठरायचेच. खुनांचा आकडा जवळपास तोच, आणि खुनासाठी कोणते हत्यार किती वेळा वापरले गेले याचेही प्रमाण फारसे हलत नव्हते. गुन्ह्याकडे वळण्याचा कल पंचविशीच्या आसपास सर्वांत जास्त असतो, हेही त्याने दाखवले. १८३५ च्या ग्रंथात त्याने यातून जो निष्कर्ष काढला, त्याने धर्मगुरू आणि कायदेपंडित दोघेही अस्वस्थ झाले. त्याचे म्हणणे असे, की तुरुंग आणि फाशीचे तख्त यांचा वार्षिक हप्ता समाज खजिन्याच्या करापेक्षाही नियमितपणे भरतो. गुन्ह्याची तयारी समाज करतो, गुन्हेगार हे नुसते हत्यार.

त्याचे आणखी एक निरीक्षण सहसा विसरले जाते. नुसत्या गरिबीने गुन्हा वाढत नाही, असे केतलेला दिसले. फ्रान्समधला क्रूझ जिल्हा अत्यंत दरिद्री, पण तिथे गुन्हे अगदी कमी. पिढ्यान्‌पिढ्या थोडक्यात भागवणाऱ्यापेक्षा, बरे चाललेल्या घरावर एकाएकी हलाखी येते आणि समोर दुसऱ्याची सुबत्ता दिसत राहते, तेव्हा माणूस घसरतो, असे त्याने मांडले. हे वाक्य वाचताना मला नेहमी आपल्याकडचे तांडे आठवतात. त्यांच्याकडे पुढे येतोच.

केतलेने आपल्या शास्त्राला ‘सामाजिक भौतिकी’ म्हटले. हे नाव फ्रेंच तत्त्वज्ञ ओग्युस्त कोंत आधीच वापरत होता. एका आकडेमोड्याने आपला शब्द पळवला याचा त्याला इतका राग आला, की त्याने लवकरच नवा शब्द घडवला – सोशिओलॉजी. समाजशास्त्राच्या बारशाला गुन्ह्यांचे तक्ते असे हजर होते.

एक गोष्ट मात्र केतलेने गृहीत धरली, आणि प्रामाणिकपणे तसे लिहूनही ठेवले. न्यायालयाच्या तक्त्यात येतात ते फक्त उघडकीला आलेले गुन्हे. दडून राहिलेले किती, कोणालाच माहीत नाही. उघड आणि दडलेले यांचे प्रमाण साधारण कायम राहते असे मानले, तरच ही सगळी आकडेमोड उभी राहते. म्हणजे पोलीस सगळीकडे सारख्याच नजरेने पाहतात, असे मानले तर.

इथून चार दशके पुढे जाऊ. इटलीत चेझारे लोम्ब्रोसो नावाचा डॉक्टर विलेल्ला या कैद्याची कवटी हातात घेऊन बसला होता. कालाब्रियाचा हा माणूस कैदेत असतानाच मेला होता. कवटीच्या मागच्या बाजूला, आतून, लोम्ब्रोसोला एक खळगा दिसला, जो त्याच्या मते माणसात नसतो, खालच्या प्राण्यांत असतो. एवढ्यावरून त्याच्या डोक्यात सगळे लख्ख झाले: जन्मजात गुन्हेगार हा उत्क्रांतीत मागे राहिलेला, आदिम अवस्थेत परतलेला जीव. १८७६ मध्ये त्याचे पुस्तक आले. मोठे जबडे, बाहेर आलेले कान, विरळ दाढी, गोंदण अशी लक्षणांची यादीच त्याने दिली. विलेल्ला हा खतरनाक दरोडेखोर असल्याचे लोम्ब्रोसो सांगत असे. पुढच्या संशोधकांना कागदपत्रांत तो किरकोळ चोर आढळला. ती कवटी तुरीनच्या संग्रहालयात आहे आणि विलेल्लाच्या गावाने ती परत मिळावी म्हणून या शतकात कोर्टात दावाही लावला.

लोम्ब्रोसोला हसणे आज सोपे आहे. त्या वेळी तो पुढारलेला विचारवंत मानला जाई, कारण गुन्ह्याचा विचार त्याने पापपुण्यातून काढून प्रयोगशाळेत आणला. त्याच्या गोटातल्या गारोफालोने १८८५ मध्ये ‘क्रिमिनोलॉजिया’ या नावाचे पुस्तक लिहिले आणि गुन्हेशास्त्राला त्याचे नाव मिळाले. एन्रिको फेरीने तर समाज, हवामान, शरीर सगळेच कारण म्हणून मांडले आणि आपल्या विषयाला ‘गुन्हेगारी समाजशास्त्र’ म्हटले. फेरी समाजवादी होता, म्हातारपणी मुसोलिनीच्या बाजूला गेला.

फ्रेंचांनी विरोध केला. १८८५ मध्ये रोमला भरलेल्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय परिषदेत लियाँचे न्यायवैद्यकतज्ज्ञ लाकासान्य उभे राहिले. गुन्हेगार हा जंतू असेल, पण पोषक द्रव मिळेपर्यंत जंतू काही करू शकत नाही, आणि तो द्रव म्हणजे समाज, हा त्यांच्या बोलण्याचा सारांश. १८८९ च्या पॅरिस परिषदेत वाद चिघळला, आणि १८९२ च्या ब्रसेल्स परिषदेकडे इटालियनांनी पाठ फिरवली. अखेर इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग या तुरुंगाच्या डॉक्टरने सुमारे तीन हजार कैद्यांची शरीरे मोजली, इतर लोकांच्या मापांशी ताडून पाहिली आणि १९१३ मध्ये जाहीर केले, की गुन्हेगाराची अशी वेगळी शरीरयष्टी नाही. मोजून उभा केलेला सिद्धांत मोजूनच पडला.

पण खरी गंमत फ्रेंचांच्या आपसातल्या भांडणात आहे. गाब्रिएल तार्द हा सार्ला या आडगावचा न्यायाधीश. वर्षानुवर्षे समोर आलेल्या आरोपींकडे पाहून त्याचे मत बनले, की माणसे गुन्हाही एकमेकांचे पाहून शिकतात; शहराचे पाहून खेडे, वरच्या वर्गाचे पाहून खालचा. १८९४ मध्ये तो पॅरिसला न्याय मंत्रालयाच्या त्याच सांख्यिकी विभागाचा प्रमुख झाला. पुढच्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने लिहिले, की गुन्हा ही समाजाची सामान्य, निरोगी गोष्ट आहे. गुन्हा नसलेला समाज कुठेच नाही. संतांचाच मठ काढला तरी तिथे बारीकसारीक चुकीला गुन्ह्याचा दर्जा येईल, कारण कशाला गुन्हा म्हणायचे हे समाजाच्या सामूहिक मनावर ठरते. तार्द संतापला. आयुष्यभर न्यायासनावर बसलेल्या माणसाला गुन्हा निरोगी वाटणे शक्यच नव्हते. त्याने सणसणीत उत्तर छापले. आणि तरीही दुर्खीमला आत्महत्यांवरच्या ग्रंथासाठी आकडे हवे झाले, तेव्हा तार्दनेच आपल्या खात्याची कपाटे उघडून दिली. दुर्खीमचा भाचा मार्सेल मोस तिथे बसून सुमारे २६ हजार आत्महत्यांची प्रकरणे वर्गवारीने लावत होता. १८९७ मध्ये ग्रंथ निघाला. त्यात तार्दच्या अनुकरणाच्या सिद्धांतावर टीकेचे एक प्रकरण आहे. एवढे मोठे मन विद्वानांत क्वचित दिसते. तार्दचे म्हणतोय.

हे सगळे युरोपात चालू असताना हिंदुस्थानात काय होते? इथे वाद झालाच नाही. थेट कायदा झाला, आणि तोही लोम्ब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षे आधी.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी गुन्हेगार जमाती कायदा, त्या वर्षीचा सत्ताविसावा, मंजूर झाला. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. या कायद्यामागचा विचार कवट्यांवर आधारलेला नव्हता. तो जातीवर होता. हिंदुस्थानात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार. तेव्हा गुन्हेगारीचाही पिढीजात धंदा असलेल्या जाती असणारच, असे हे सरळसोट अनुमान. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३०च्या दशकात ठगांविरुद्ध केलेल्या मोहिमेची आठवण ताजी होतीच. जातिव्यवस्थेने माणसाला जन्मावरून बांधले होते. इंग्रजांनी तिच्यावर सरकारी शिक्का मारला. समाजाचा अभ्यास करून समाजाच्या माथी जबाबदारी ठेवणारे शास्त्र पॅरिसमध्ये घडत होते. इथे समाजाच्या वर्णनावरून व्यक्तीला जन्मतःच शिक्षा देणारे शास्त्र तयार झाले.

कायद्याची कलमे वाचली की अंगावर काटा येतो. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून अधिसूचित केली की त्या अधिसूचनेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. जमातीतल्या प्रत्येकाची रजिस्टरात नोंद. ठरलेल्या वेळी हजेरी. हद्दीबाहेर जायचे तर पास. नियम मोडला तर सक्तमजुरी, दंड किंवा फटके. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतींत ठेवण्याची सोय केली. आणि १८७१ च्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांच्या नोंदणीचा होता, हे फार कमी जणांना ठाऊक आहे. ‘अमुक माणसाने तमुक गुन्हा केला’ असे सिद्ध करण्याची गरज या कायद्याला कुठेच पडत नव्हती.

इथे केतलेचे ते गृहीतक आठवावे. हजेरी चुकवणे हाच गुन्हा. पासाशिवाय शेजारच्या गावी बहिणीला भेटायला जाणे हाच गुन्हा. म्हणजे नोंद झालेल्या जमातींत ‘गुन्ह्यांचे’ प्रमाण वाढणारच. आणि ते वाढलेले प्रमाण दाखवून पोलीस म्हणणार, पाहा, कायदा किती गरजेचा होता. चोरी झाली की आधी कोणाच्या पालावर धाड पडायची, हेही ठरलेले. जिथे शोधायचे तिथेच सापडायचे. पोलिसांची नजर आकड्यात अशी मिसळली की आकडा समाजाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त नजरेबद्दल सांगतो.

ही माणसे करत काय होती, याचे उत्तर त्या काळच्याच कागदांत पडले होते. लमाण-बंजारे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य देशभर वाहत. कैकाड्यांचे दक्षिणेकडचे भाऊबंद, कोरवा आणि येरुकुला, किनाऱ्यावरचे मीठ आतल्या मुलखात नेऊन धान्याशी बदलत. मिठावर सरकारी मक्तेदारी आणि कर आला, रेल्वे आली, १८७८ च्या वन कायद्याने चराईची आणि बांबू-गवताची राने बंद केली. पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार एकदोन दशकांत बसला. मीना राधाकृष्ण यांनी मद्रास इलाख्यातल्या दप्तरांवरून हे नीट मांडले आहे. बरे चाललेल्या घरावर एकाएकी हलाखी आली, असे केतले म्हणाला होता ते हेच. तो निष्कर्ष छापून चार दशके झाली होती. पण भटक्या माणसाबद्दल स्थिर गावाला आणि सरकारला सारखाच संशय असतो, त्यामुळे तो कोणी लावून पाहिला नाही.

मुंबई इलाख्याला हा कायदा १९११ साली लागू झाला, तेव्हा तो साऱ्या हिंदुस्थानासाठी नव्याने केला गेला आणि नोंदणीत बोटांचे ठसेही आले. त्याच्या तीनच वर्षे आधी पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर पुस्तक काढले होते: कोण कुठे राहतो, काय घालतो, कोणती सांकेतिक भाषा बोलतो, चोरी कशी करतो. पारधी, कैकाडी, भामटे, मांग गारुडी, कंजारभाट. पोलीस ठाण्यात समाजशास्त्र पोचले ते या रूपात. हजेरी मात्र आपल्याकडे त्याहून जुनी आणि रुंद होती. मांग, रामोशी यांसारख्यांना गावचावडीवर हजेरी द्यावी लागे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ती बंद केली. देशभर हा कायदा रद्द व्हायला मात्र आणखी चौतीस वर्षे लागली.

इलाख्यात वसाहती उभ्या राहिल्या. लोकांच्या तोंडी त्यांचे नाव ‘सेटलमेंट’. सोलापूरची सेटलमेंट सर्वांत गाजलेली. तारेच्या कुंपणाआडची माणसे गिरण्यांत कामाला जायची. या खात्याचे प्रमुख होते ओ. एच. बी. स्टार्ट हे सनदी अधिकारी. स्टार्ट यांना सरसकट खलनायक करता येत नाही. नियमित काम मिळाले तर माणूस सुधारतो, म्हणजे गुन्ह्याचे कारण रोजीरोटीत आहे, अशीच त्यांची श्रद्धा होती. १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले, डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. पण ज्याला गुन्ह्याचे कारण समाजात दिसत होते, त्यानेही उपाय म्हणून माणसांनाच कुंपणात ठेवले. नुसते निदान बरोबर असून भागत नाही.

याच काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला होता. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी तो उघडला, १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे प्रमुख. घुर्यांनी १९३२ च्या ग्रंथात जनगणना आयुक्त रिस्लेच्या, नाक मोजून वंश ठरवण्याच्या पद्धतीची चिकित्सा केली. जनगणनेत जाती ज्या तराजूने तोलल्या जात होत्या, तो तराजू एका मराठी माणसाने तपासला, हे महत्त्वाचे. सेटलमेंटचा तराजूही त्या पिढीने तितक्याच कसोशीने तपासायला हवा होता, असे मला राहून राहून वाटते.

तो तपास झाला शिकागोत, वेगळ्या निमित्ताने. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मके यांनी बालगुन्हेगारांचे पत्ते नकाशावर टिपले. शहराच्या मध्यालगतच्या, मोडकळीला आलेल्या वस्त्यांत प्रमाण सर्वांत जास्त. त्या वस्त्यांत आधी जर्मन आणि आयरिश राहत, मग ते निघून गेले आणि पोलिश, इटालियन आले. माणसे पूर्ण बदलली, वस्तीचे प्रमाण तेवढेच राहिले. आणि जे बाहेर पडले त्यांच्या मुलांतले प्रमाण उतरले. १९४२ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. गुन्हा रक्तात असता तर तो माणसांबरोबर गेला असता. तो जागेवरच राहिला.

त्याआधी, १९३९ च्या डिसेंबरात, अमेरिकन समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत एडविन सदरलँड यांनी अध्यक्षीय भाषणासाठी विषय निवडला पांढरपेशांचे गुन्हे. गरिबी हेच गुन्ह्याचे कारण, असे म्हणणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनाही त्यांनी सोडले नाही. तुमचे आकडेच खोटे आहेत, कारण कंपन्यांची लबाडी फौजदारी कोर्टात येतच नाही, असा त्यांचा रोख होता. सत्तर बड्या अमेरिकन कंपन्यांची कुंडली मांडणारे त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये निघाले. कंपन्यांची नावे मात्र प्रकाशकाच्या आग्रहाने गाळावी लागली. नावांसह ते छापले गेले १९८३ मध्ये. सेटलमेंटमधल्या पोराचे नाव जन्मापासून रजिस्टरात आणि बड्या कंपनीचे नाव पुस्तकातसुद्धा नाही, हे दोन्ही एकाच शतकातले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी केंद्र सरकारने गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला. त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्रात आजही हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांबाबतचे कायदे आले आणि जुनी नजर त्यांच्या आडून चालू राहिली. ती नजर आतून कशी असते हे मराठी वाचकाला समाजशास्त्राच्या विभागांनी नव्हे, लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने सांगितले. गुन्हेशास्त्राच्या अभ्यासक्रमात लोम्ब्रोसोच्या शेजारी ही दोन पुस्तके हवीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत कैद्यांना जातीनुसार कामे वाटली जात होती आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणारी कलमे तशीच होती. न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, तीन महिन्यांत नियम बदलायला सांगितले, आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.